आतड्याची सफाई : एरंडेलापासून गोळीपर्यंत

वैद्यकाच्या इतिहासात काही मानाची पाने आहेत. देवीच्या लसीचा शोध, भूल देण्याची युक्ती, पेनिसिलिन, हृदयावरील शस्त्रक्रिया यांच्या कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. पण याच इतिहासात काही पाने अशीही आहेत की, ती चारचौघांत उघडायला माणूस संकोचतो. मोठ्या आतड्याच्या सफाईची हकीकत ही त्यांपैकी एक. विषय जेवणाच्या पंगतीत काढण्याजोगा नाही, हे खरे. तथापि गेल्या अर्धशतकात ज्या एका तपासणीने असंख्य माणसांना कर्करोगाच्या तोंडून मागे ओढले, तिचे यशापयश या सफाईवरच अवलंबून असते. आणि ही सफाई नकोशी वाटते एवढ्याच कारणास्तव ती तपासणी टाळणारी माणसे सर्व देशांत आढळतात. तेव्हा संकोच बाजूस ठेवून ही हकीकत सांगणे अगत्याचे आहे.

या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. गुदद्वारातून एक लवचीक नळी आत सरकवितात. तिच्या टोकाशी दिवा असतो आणि कॅमेरा असतो. सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्याचे अस्तर डॉक्टर तिच्या साहाय्याने वीतवीत पाहत जातात. या अस्तरावर कधीकधी मांसल कोंबासारख्या बारीक गाठी उगवतात. त्यांना पॉलिप हे नाव आहे. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी राहतात, परंतु काही जातींचे पॉलिप हळूहळू, बहुधा दहा-एक वर्षांच्या अवधीत, कर्करोगाचे रूप धारण करतात. नळीतूनच तारेचा फास आत घालून असा पॉलिप मुळाशी कापून काढता येतो. अमेरिकेतील सिडनी विनावर व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली दाखवून दिले की, असे पॉलिप वेळीच काढलेल्या माणसांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा पाऊण हिश्श्याहून अधिक घटते. एवढा मोठा लाभ. आणि त्याला अट एकच, आतडे रिकामे व स्वच्छ हवे. मळाच्या पातळ थराखाली दडलेला पाच-सहा मिलिमीटरचा पॉलिप उत्तमातल्या उत्तम कॅमेऱ्यालाही दिसत नाही.

कोठा साफ करण्याची विद्या मात्र मानवजातीला नवी नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या ईजिप्तमधील एबर्स पपायरसात एरंडाचा उल्लेख सापडतो. आपल्याकडे चरकसंहितेत विरेचनाचा विचार केवढ्या बारकाईने केला आहे! सुखाने रेच देणाऱ्या द्रव्यांत त्रिवृत्, म्हणजे आपले निशोत्तर, श्रेष्ठ. सौम्य रेचकांत बहावा श्रेष्ठ. तीव्र रेचकांत निवडुंगाच्या जातीचा चीक श्रेष्ठ. अशी प्रतवारीच तेथे लावून दिली आहे. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधीविषयक संवादग्रंथात निशोत्तर, कोरफडीचा बोळ, हिरडा आणि चिंच यांची चर्चा आहे. हा पोर्तुगीज वैद्य गोव्याच्या बाजारात या वस्तूंची पारख करीत असे व इथल्या वैद्यांना त्यांचे गुण विचारीत असे. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मन्यायासनाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. औषधांच्या इतिहासाशी याचा संबंध नसला, तरी त्या ग्रंथाचे नाव घेताना ही गोष्ट विसरून पुढे जाणे बरे नव्हे.

घरोघरच्या एरंडेलाबद्दल तर काय सांगावे! नाक दाबून, हातापायांना धरून मुलांच्या घशात ओतलेले ते दाट तेल आणि त्यामागून दिलेला गुळाचा खडा किंवा लिंबाची फोड ज्यांना आठवत असेल, अशी माणसे अजून बरीच हयात आहेत.

या सर्व जुन्या रेचकांचा हेतू एक होता आणि आजच्या सफाईचा हेतू दुसरा आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. पूर्वी कोठा साफ करणे हाच उपचार होता. दोष बाहेर पडावेत, ज्वर उतरावा, भूक लागावी, यासाठी रेच दिला जाई; थोडे राहिले काय आणि गेले काय, त्याने मोठेसे बिघडत नसे. आजची सफाई ही पाहण्यासाठी आहे. घर झाडणे आणि भिंगाची काच पुसणे यांत जे अंतर आहे, तेच या दोहोंत आहे. म्हणूनच जुने उपाय हाताशी असूनही नव्या वैद्यकाला हा प्रश्न पुन्हा मुळापासून सोडवावा लागला.

तो कसा सुटला हे सांगण्यापूर्वी सतराव्या शतकातील दोन क्षारांची ओळख करून घेणे इष्ट आहे, कारण कथेच्या अखेरीस त्यांचीच गाठ पडावयाची आहे. इंग्लंडात सरे परगण्यात एप्सम नावाचे गाव आहे. १६१८ च्या अवर्षणात तेथील एका शेतकऱ्याच्या गुरांनी एका डबक्यातील पाण्याला तोंड लावण्याचे नाकारले, अशी आख्यायिका सांगतात. ते पाणी कडवट होते आणि माणसाने ते प्याले की कोठा सैल होई. पाहता पाहता एप्समला पाणी पिण्यासाठी धनिकांची रीघ लागली. पुढे १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या पाण्यातील क्षारावर एक प्रबंध लिहिला. हा क्षार म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. आपल्याकडील जुन्या पिढीचे विलायती मीठ.

दुसरा क्षार योहान रुडॉल्फ ग्लाउबर या जर्मन रसायनकाराचा. तरुणपणी, १६२५ च्या सुमारास, तो ऑस्ट्रियात आजारी पडला असता एका झऱ्याच्या पाण्याने बरा झाला. त्या पाण्यात काय असावे याचा त्याने छडा लावला आणि पुढे साधे मीठ व गंधकाम्ल यांपासून तोच क्षार स्वतः तयार केला. त्याला त्याने लॅटिनमध्ये ‘अद्भुत मीठ’ असे नाव दिले. हे सोडियम सल्फेट. अद्भुत म्हणावे असे त्यात आहे तरी काय? तर सल्फेटचा अंश आतड्याच्या भिंतीतून रक्तात सहजासहजी शिरत नाही. तो पोकळीतच राहतो आणि आपल्याबरोबर पाण्यालाही धरून ठेवतो. आतड्यात पाणी साचले की ते सारे वाहून नेते. ग्लाउबरला हे कारण ठाऊक असणे शक्य नव्हते. परिणाम मात्र त्याने अचूक पाहिला होता.

कडू पाणी आणि दाट तेल यांपेक्षा गोळी बरी, ही कल्पनाही जुनीच. युरोपात एके काळी अँटिमनी धातूची ‘चिरंतन गोळी’ प्रचारात होती. ती गिळावयाची, कोठा साफ झाला की शोधून धुऊन ठेवावयाची आणि पुढच्या वेळी पुन्हा वापरावयाची! अमेरिकेतील लुईस व क्लार्क यांच्या १८०४ च्या प्रसिद्ध मोहिमेबरोबर फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांच्या जुलाबाच्या गोळ्या पन्नास डझन होत्या. त्यांत पाऱ्याचा क्षार असे. या गोळ्यांचा जोर असा की, त्यांना ‘वज्र’ असेच टोपणनाव पडले होते. पूड साच्यात दाबून सुबक, एकसारखी गोळी पाडण्याची युक्ती १८४३ साली इंग्लंडात विल्यम ब्रॉकडन यांनी नोंदविली. आणि तेथून आजच्या अर्थाने गोळीचे युग सुरू झाले. पण मोठ्या आतड्याची संपूर्ण सफाई गोळीने करावी, हे कोणाच्या मनात येण्याचे कारण त्या काळी नव्हते. आत डोकावण्याचे साधनच नव्हते.

ते साधन आले काचेच्या तंतूंतून. १९५४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी या दोघांनी केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येते, हे सिद्ध केले. नळी वाकली तरी चित्र तुटत नसे. बॅसिल हर्शोविट्झ यांनी अमेरिकेत १९५७ मध्ये या तत्त्वावर जठर पाहण्याची लवचीक दुर्बीण बनविली. मोठ्या आतड्याची वळणे जठरापेक्षा कितीतरी अवघड. तेथवर जायला आणखी बारा वर्षे लागली. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि जपानहून आलेले शल्यचिकित्सक हिरोमी शिन्या यांनी सबंध मोठ्या आतड्याची तपासणी रुजविली, आणि त्याच वर्षी शिन्या यांनी तारेच्या फासाने, पोट न उघडता, पॉलिप कापून काढला.

आता सफाईचा प्रश्न निकडीचा झाला. प्रारंभीच्या वर्षांत रुग्णाला दोन-तीन दिवस केवळ पातळ पदार्थांवर ठेवीत, एरंडेल किंवा सोनामुखी देत आणि वरून एनिम्यांचा मारा करीत. एकादशीचा असो वा उपवासकाळातील शुक्रवारचा असो, उपवास आपल्या घरांना अपरिचित नाही. परंतु तीन दिवसांचा उपवास, त्यात जुलाब आणि त्यावर एनिमा, ही शिक्षा सुदृढ माणसालाही जड जावी. वृद्ध रुग्णांची अवस्था काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१९७३ मध्ये ब्रिटनमधील शल्यचिकित्सकांनी दुसरा मार्ग सुचविला. नाकातून जठरात नळी घालून मिठाचे पाणी सतत सोडीत राहावयाचे, दुसऱ्या टोकाने स्वच्छ पाणी येईपर्यंत. आतडे झकास धुतले जाई. परंतु साध्या मिठाचे पाणी आतडे शोषून घेते. त्यामुळे रुग्णाचे वजन वाढे, आणि ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त असेल त्याला हे अंगात मुरलेले पाणी धोक्याचे ठरे. काहींनी मॅनिटॉल नावाच्या गोडसर पदार्थाचे द्रावण वापरून पाहिले. ते चवीला बरे व काम करण्यात चोख. पण आतड्यातील जंतू मॅनिटॉल आंबवून त्यातून हायड्रोजन वायू तयार करतात. १९७९ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एक भयंकर घटना प्रसिद्ध केली. विजेच्या तारेने पॉलिप कापीत असता ठिणगीने आतल्या वायूचा स्फोट झाला आणि रुग्ण दगावला.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील डॅलस येथे जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये जे द्रावण सिद्ध केले, त्याचे महत्त्व कळते. फोर्डट्रान यांनी प्रश्न नेमका मांडला : आतड्यातून जाताना ज्यातील पाणी व क्षार शरीर घेणार नाही आणि ज्यात आपले क्षार सोडणारही नाही, असे पाणी कसे बनवावे? त्यांनी साध्या मिठाऐवजी मुख्यत्वे सोडियम सल्फेट घेतले. म्हणजे ग्लाउबरचेच अद्भुत मीठ! त्याच्या जोडीला पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मोठ्या रेणूंचा, जंतूंना न आंबविता येणारा पदार्थ घातला. हे द्रावण जसे प्यावे तसे खाली येते. शरीराच्या जमाखर्चात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हृदयविकाराच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णालाही ते पुष्कळच निर्धास्तपणे देता येऊ लागले. १९८४ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आले, आणि त्याच्या इंग्रजी नावात ‘हलकेच जा’ असा श्लेष साधलेला होता.

हलकेच जाणे मात्र कोणाच्या नशिबी नव्हते. द्रावण चार लिटर प्यावे लागे. खारट, किंचित तेलकट, जिभेवर रेंगाळणारे. पहिला पेला माणूस धीराने घेतो, चौथ्याला कुरकुरतो आणि आठव्याला उरलेले हळूच मोरीत ओततो. डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी जे दिसते ते त्या ओतलेल्या पेल्यांचे फळ असते. अमेरिकेतील तज्ज्ञ संघटनांनी २०१४ मध्ये नमूद केले की, कोलोनोस्कोपी झालेल्या रुग्णांपैकी शेकडा वीस-पंचवीसपर्यंत लोकांची सफाई अपुरी असल्याचे आढळते. त्यांना पुन्हा सारे भोगावे लागते, किंवा दडलेला पॉलिप दडलेलाच राहतो.

म्हणून थोडक्यात काम भागविणाऱ्या औषधाचा शोध सुरू झाला आणि सोडियम फॉस्फेट पुढे आले. १९९० मध्ये कॅनडातील एका तुलनात्मक पाहणीत असे दिसले की, फॉस्फेटच्या दोन छोट्या मात्रांनी चार लिटर द्रावणापेक्षाही चांगली सफाई होते आणि रुग्णही ते अधिक खुशीने घेतात. मात्रा जेमतेम ४५ मिलिलिटरची! चव मात्र अशी की तोंड वाकडे व्हावे. ती टळावी म्हणून फॉस्फेटच्या गोळ्या केल्या गेल्या. २००० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘व्हिसिकॉल’ या नावाच्या गोळ्यांना परवानगी दिली. आदल्या संध्याकाळी वीस आणि तपासणीच्या सकाळी वीस, अशा चाळीस गोळ्या. दर पाव तासाने तीन-तीन घ्यावयाच्या, प्रत्येक वेळी पाण्याचा मोठा पेला. गोळी बांधून ठेवण्यासाठी तिच्यात सेल्युलोज घातले होते. ते विरघळेना आणि पांढऱ्या गाळाच्या रूपाने आतड्यातच बसे. दृष्टी निर्मळ व्हावी म्हणून घेतलेली गोळीच दृष्टीच्या आड येऊ लागली. तो दोष काढून २००६ मध्ये बत्तीस गोळ्यांचे ‘ऑस्मोप्रेप’ आले. रुग्ण संतुष्ट, डॉक्टर संतुष्ट. प्रश्न सुटला असेच वाटावे.

परंतु २००३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत एक वेगळीच कुजबूज सुरू झाली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ग्लेन मार्कोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा एकवीस रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली की, ज्यांनी कोलोनोस्कोपीच्या तयारीसाठी फॉस्फेट घेतले होते आणि नंतर ज्यांची मूत्रपिंडे बिघडली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मूत्रपिंडांच्या बारीक नलिकांत कॅल्शियम फॉस्फेटचे कण रुतलेले दिसत होते. त्यांपैकी चौघांच्या नशिबी कायमचे डायलिसिस आले. उरलेल्यांची मूत्रपिंडेही पूर्ववत झाली नाहीत. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती. त्यांतील पुष्कळशी आजार होऊ नये म्हणून तपासणीस आली होती.

असे का व्हावे? फॉस्फेटचा काही अंश रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. त्याच वेळी जुलाबांनी अंगातले पाणी कमी झालेले असते. लघवी घट्ट होते, फॉस्फेट दाटते, कॅल्शियमला भेटते आणि नलिकांत त्याचे खडे जमतात. वय अधिक, मूत्रपिंड आधीच दुबळे, रक्तदाबाच्या वा लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्या चालू, किंवा सांधेदुखीवरची वेदनाशामके घेतलेली, अशा माणसांना धोका विशेष. येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. चार लिटरच्या द्रावणाचा सर्वांनी तिटकारा केला. पण त्या द्रावणात औषध आणि पाणी एकत्रच पोटात जात असे. औषध ४५ मिलिलिटरमध्ये किंवा गोळीत आणून बसविल्यावर पाणी पिणे रुग्णाच्या मर्जीवर राहिले. वेष्टनावर सूचना होती, परंतु तहान नसताना दोन-तीन लिटर पाणी पिण्याची सूचना माणूस किती पाळतो, हे सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर २००८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने फॉस्फेटच्या दोन्ही गोळ्यांवर ठळक चौकटीत इशारा छापणे सक्तीचे केले. दुकानात चिठ्ठीवाचून मिळणारे द्रव फॉस्फेटही सफाईसाठी वापरू नये, असे बजावले. त्याच्या उत्पादकाने ते बाजारातून परत घेतले.

गोळी या कल्पनेवरच त्यानंतर काही वर्षे सावट राहिले. मग संशोधक पुन्हा त्या दोन जुन्या क्षारांकडे वळले. २०१० मध्ये सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांच्या सल्फेटांचे द्रव औषध अमेरिकेत मंजूर झाले. सल्फेट फॉस्फेटसारखे कॅल्शियमशी मूत्रपिंडात खडे धरीत नाही, हा त्यामागील विचार. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचीच बहीण म्हणावी अशी गोळी, ‘सुटॅब’, मंजूर झाली. एका गोळीत दीड ग्रॅमला किंचित कमी सोडियम सल्फेट, थोडे मॅग्नेशियम सल्फेट आणि थोडे पोटॅशियम क्लोराइड. एकूण गोळ्या चोवीस. हिशेब केला तर रुग्णाच्या पोटात सुमारे ३५ ग्रॅम ग्लाउबरचे मीठ आणि पाच ग्रॅमच्या वर एप्समचे मीठ जाते. साडेतीन-चारशे वर्षांपूर्वी ज्या कडू झऱ्यांवर लोकांची रीघ लागे, ते झरेच जणू सुकवून या गोळ्यांत भरले आहेत. झरा सुकविला, तर पाणी वेगळे प्यावे लागणारच.

या वेळी पाण्याची बाब रुग्णाच्या मर्जीवर सोडलेली नाही. प्रत्येक खेपेचे पेले मोजून दिले आहेत. पहिली खेप संध्याकाळी आणि दुसरी तपासणीच्या दिवशी पहाटे-सकाळी. असे दोन भाग करण्याचेही कारण आहे. आदल्या रात्रीच सर्व औषध घेतले तर झोपेच्या तासांत लहान आतड्यातून पित्तमिश्रित रस उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर त्याचा थर बसतो. अर्धे औषध सकाळी घेतले की तो धुऊन निघतो. गोळ्यांनीही मळमळ होते, काहींना उलटी होते. गोळी आकाराने लहान नाही, त्यामुळे ज्यांना गिळण्याचा त्रास आहे त्यांना ती नको. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार, आकडी, आतड्यात अडथळा, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगणे अत्यावश्यक.

आपल्याकडे अद्याप फोर्डट्रान यांच्या कुळातली पावडरच अधिक प्रचारात आहे. दोन लिटर पाण्यात कालवून तिचे पेले मोजीत, मध्येच नारळपाण्याचा घोट घेत, घरातले वडीलधारे मोरीच्या आसपास संध्याकाळ काढतात. आणि घरच्यांनी हळूच डोकावून पाहिले नाही तर शेवटचे दोन पेले कोठे जातील याचा भरवसा नाही. नव्या गोळ्यांच्या बाबतीत प्रत्येक खेपेला बारा गोळ्या असतात, आणि त्यांच्यासाठी सुमारे पाऊणे पाचशे मिलिलिटरचा एक पेला पाणी पंधरा-वीस मिनिटांत घ्यावयाचे असते. तासाभराने तेवढाच दुसरा पेला, आणि तो संपल्यावर अर्ध्या तासाने तिसरा. दोन्ही खेपा मिळून पाणी होते पावणेतीन लिटरांच्या वर.